मागे राहील त्याचं

फोनवरच्या माणसाला मी नेहमीच्या आवाजात नेहमीचं उत्तर देत होते, आणि वाक्य अर्ध्यावर आलं असताना मला कळलं की माझा नवरा मला रोज सकाळी चहा का आणून देतो. प्रश्न साधाच होता. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे, घटस्फोटाचा खटला चालू आहे, बायको आजारी आहे. निकाल लागायच्या आधी तिचं काही बरंवाईट झालं तर घराचं काय होतं? आमच्या फोनवर कोणी मरत नाही. लोकांचं ‘काही झालं तर’ असतं, ‘बरंवाईट’ असतं, फार तर ‘नसल्यावर’ असतं. मी म्हणाले, दस्तात हिस्से वेगळे दाखवले नसतील आणि ‘मागे राहील त्याचं’ असं लिहिलं असेल, तर सगळं घर मागे राहणाऱ्याचं होतं. तिथं मृत्युपत्राचाही उपयोग नाही. निकाल आधी लागला तर मात्र निम्मं निम्मं, आणि तिथंच माझी जीभ अडकली. ‘हॅलो, आहात ना?’ तो म्हणाला. आहे, मी म्हणाले, आणि उरलेलं पुरं केलं, कारण उत्तर अर्धवट दिलं तर तक्रार होते. ‘मग तारखा पुढे ढकलता येतात का?’ त्यानं विचारलं. आवाज चांगला होता, काळजीतल्या माणसाचा. ‘येतात,’ मी म्हणाले.

आमच्या खोलीत आम्ही सगळ्याजणी कानाला यंत्र लावून दिवसभर हेच करतो. लोक घरादाराबद्दल, वारशाबद्दल, नवऱ्या-बायकोच्या भांडणाबद्दल विचारतात आणि आम्ही सांगतो. वकील आमच्यात कोणीच नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या खोलीच्या प्रमुख, नव्या मुलीला पहिल्याच दिवशी समोर बसवून घोटून घेतात: आपण सल्ला देत नाही, माहिती देतो, ‘करा’ म्हणायचं नाही, ‘करता येतं’ म्हणायचं. त्यामुळे आमचं सगळं आयुष्य ‘येतं’ आणि ‘येत नाही’ यांच्यात जातं. म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढता येतं का? येत नाही. त्याच्या खोलीतली वीज बंद करता येते का? त्याबद्दल आमच्याकडे माहिती नाही. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणते, आपण हवामान सांगतो, छत्री घ्यायची की नाही ते त्यांचं ते बघतील. मला ते काम आवडतं. खरं सांगायचं तर फार आवडतं. लोकांच्या घरातली घाण इतक्या स्वच्छ शब्दांत आपल्या कानात येते, आणि आपल्याला हातही लावावा लागत नाही. वर्षानुवर्षं मी हे ऐकत आले आणि मनातल्या मनात नाक मुरडत आले. यांना वाचता येत नाही का, सही करताना डोळे कुठं होते यांचे, आणि माणूस इतकी वर्षं शेजारी झोपतो तो कसा आहे ते कळत नाही म्हणजे काय.

चहा सुरू झाला तो माझ्या छातीचे फोटो काढून आणल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याआधी दोन वर्षं आम्ही एका घरात राहूनही एकमेकांच्या घरात राहत नव्हतो. त्याच्या वकिलानं त्याला सांगितलं होतं आणि माझ्या वकीलबाईंनी मला, की काहीही झालं तरी घर सोडू नका, जो आधी बाहेर पडेल त्याची बाजू लंगडी पडते. त्यामुळे कोणीच बाहेर पडलं नाही. तो लहान खोलीत गेला. फ्रिजची वरची फळी माझी, खालची त्याची. मधल्या फळीवर काहीच ठेवायचं नाही, ती सरहद्द. मीठ दोन, साखर दोन, पोछे दोन. मधल्या वाटेतला दिवा गेला तर तो कोणी बदलायचा यावरून महिनाभर आम्ही अंधारात भिंत चाचपत ये-जा केली आणि कोणीच बदलला नाही. आजारी पडून कोणी दवाखान्यात राहायला गेलं तर ते ‘घर सोडणं’ होतं का, हा प्रश्न मी कामावर कोणाला तरी समजावून सांगितलेला आहे, होत नाही. पण त्याला ते माहीत नव्हतं. दाढ ठणकत असताना तो रात्रभर कण्हला आणि दवाखान्यात गेला नाही, आणि मी भिंतीपलीकडून ऐकत होते. सांगितलं नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

तो बहिऱ्यांना यंत्रं बसवतो. दुकानाच्या मागच्या बाजूला त्याची एक जाड दाराची खोली आहे, तिच्यात बाहेरचा आवाज येत नाही. गिऱ्हाइकाला तिथं बसवून तो तोंडासमोर एक पुठ्ठा धरतो, म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि हळू आवाजात शब्द सांगतो: घर, पाणी, उद्या, सात. गिऱ्हाईक ते परत म्हणतं. लग्नाच्या आधी मी एकदा त्या खोलीत बसले होते आणि त्यानं पुठ्ठ्याआडून भलतेच शब्द सांगितले होते, ते परत म्हणताना मी लाजून लाल झाले होते. तो कधी ओरडला नाही. उभ्या संसारात त्याचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. तो फक्त पाठ फिरवून बोलायला लागला. बेसिनपाशी उभं राहून, नळ सोडून, माझ्याकडे पाठ करून काहीतरी म्हणायचं, आणि मी ‘काय?’ म्हटलं की वळून बघायचं, ते गिऱ्हाइकाकडे बघतात तसं: बरं, इथपर्यंत ऐकू येत नाही तर. माणसाकडे बघताना त्याची नजर आधी कानावर जाते. माझ्याकडे बघताना अलीकडे ती छातीवर जाते, आणि त्यात काही वाईट नाही असं मी स्वतःला सांगत होते.

पहिल्या दिवशी दारावर टकटक झाली तेव्हा मला वाटलं, कोर्टाचा माणूस. ‘अगं, चहा,’ तो म्हणाला. कप खाली जमिनीवर ठेवून तो निघून गेला. मी त्या कपाकडे बराच वेळ बघत राहिले. विष असेल असं मनात आलं, आणि त्या विचाराची लाजही वाटली नाही. आमच्या फोनवर ते प्रश्नही येतात. मग मी तो प्यायले. साखर बरोबर होती. दोन वर्षं झाली होती आणि साखर बरोबर होती, आणि मी पलंगाच्या कडेवर बसून ढसाढसा रडले. नंतर मग गरम पाण्याची पिशवी आली, टॉवेल उन्हातून काढून आणलेले, वाटेतला दिवा. एकदा फ्रिज उघडला तर मधल्या फळीवर माझ्यासाठी कापून ठेवलेली फळं. तारीख जवळ आली तशी तो म्हणाला, ‘आधी तुझं दुखणं बघ. कोर्ट काय पळून चाललंय?’ पहिली तारीख त्यानं पुढे ढकलून घेतली, दुसरीही. मला वाटलं, माणूस बदलतो. दुखण्यापुढे माणूस वितळतो. लोकांना शहाणं करायचा मक्ता घेतलेली मी, मला एवढंही सुचलं नाही की जे मी दिवसातून चारदा दुसऱ्यांना सांगते ते माझ्याच घराच्या दस्तात लिहिलेलं आहे.

आणि लिहिलं कोणी, तर मीच. नोंदणीच्या कचेरीतला कारकून कंटाळून मान वर करून म्हणाला होता, ‘सारखे हिस्से, की मागे राहील त्याचं?’ नवऱ्याला प्रश्नच कळला नव्हता. मी पुढे होऊन, धंद्यातली असल्याच्या तोऱ्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘मागे राहील त्याचं.’ बाहेर जिन्यात मी त्याला समजावलं की यानं वारसांचे दाखले, खेटे, काही लागत नाही; मी आधी गेले तर तुला त्रास नको. तो म्हणाला, ‘असलं बोलू नको गं.’ आणि माझा दंड दाबला. त्या दाबण्याची उबसुद्धा मला आठवते; खोटी नव्हती ती. खरं प्रेम होतं, आणि खऱ्या प्रेमानंच मी माझ्या गळ्याभोवती ते बांधून घेतलं. बारकी, माझी धाकटी बहीण, तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर आमच्या पिशव्या धरून उभी होती. तिची सही त्याच सकाळी दुसऱ्या खिडकीत झाली होती. वडिलांच्या घरातला तिचा हिस्सा तिनं माझ्यासाठी सोडून दिला होता, म्हणजे ते सगळं घर माझं म्हणून विकता यावं आणि त्याचे पैसे या घराला पुरावेत. ती सही करायला वेळ लावते, अक्षर अक्षर काढते. ‘ताई, इथं पूर्ण नाव का?’ एवढंच तिनं विचारलं होतं. कशावर सही करतेय ते विचारलं नाही. मी सांगितलं होतं की लहान खोली तुझी, कायमची. तुझं शिवणयंत्र त्या खिडकीशी ठेव.

वर्षभर होती ती तिथं. ती एका कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात दुरुस्तीचं काम करते, साखळ्या बदलायच्या, अस्तरं लावायची, आणि संध्याकाळी घरी स्वतःचं शिवण. यंत्र चालवताना ती गुणगुणते, सूर कुठलाच नसतो, नुसतं नाकातून. नवरा काही बोलला नाही. जेवायला बसताना तो खिशातून मेणाचे बोळे काढायचा, दोन्ही कानांत घालायचा आणि जेवायला लागायचा. असं काही दिवस झाल्यावर बारकी म्हणाली, ‘भाऊजींच्या कानाचं काम आहे गं. त्यांना त्रास होतो माझा.’ आणि गेली एका भाड्याच्या खोलीत. मी दारापर्यंत गेले होते तिच्याबरोबर. राहा म्हणाले होते का? म्हणाले असेन. अशा वेळी म्हणतात तेवढं म्हणाले असेन.

तर त्या फोननंतर मी कानाचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि पाणी प्यायला गेले. उपाय मला पाठच होता, त्याच उत्तराच्या खालच्या परिच्छेदात तो असतो, कोणी विचारलं तरच सांगायचा. एक पानाची नोटीस. आजपासून या घरातले आपले हिस्से वेगळे, निम्मा तुझा, निम्मा माझा. सही करायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. बस. त्याची संमती लागत नाही, कोर्ट लागत नाही. मग माझा निम्मा मी मृत्युपत्रानं हवा त्याला देऊ शकते. फक्त ती त्याच्या हातात पडायला हवी. लपवून ठेवलेली नोटीस म्हणजे नुसता कागद. मी ती त्याच दुपारी छापून घेतली आणि पिशवीत घातली. वाटलं, आज रात्रीच देते तोंडावर. घरी आले तर त्यानं माझ्या उशीचा अभ्रा बदलला होता आणि पाठीला टेकायला दुसरी उशी कुठून तरी आणली होती. ‘अशी तिरकी ठेव, खोकला कमी येतो,’ तो म्हणाला आणि दाखवलं. मी टेकून पाहिलं. कमी येत होता. पिशवी दाराच्या खुंटीला लटकत होती. मला दिसलं की ज्या सकाळी नोटीस त्याच्या हातात पडेल, त्या सकाळनंतर दारावर टकटक होणार नाही. त्याच्याकडून वाईट असं काही होणार नाही. तो ओरडणार नाही, उशी ओढून घेणार नाही. तो फक्त पाठ फिरवील. आणि मग मी आणि माझा खोकला आणि फ्रिजची वरची फळी.

उद्या देऊ, असं म्हणत किती उद्या गेले ते मी मोजले नाहीत. आधी मला वाटलं होतं, आता कारण कळलं म्हणजे त्या चहाची किळस येईल. तसं काही झालं नाही. चव तीच होती. उलट कळल्यावर एक प्रकारची मजा यायला लागली, आणि ती मजा लपवायला मला फार कष्ट पडत नव्हते कारण आजारी माणसाच्या तोंडाकडे कोणी नीट बघत नाही. मी मागायला लागले. खिडकी उघड. जरा कमी. नको, लावच. पायाला तेल लावतोस? तो लावायचा. खाली बसून, माझी टाच मांडीवर घेऊन, बोटांच्या बेचक्यांतूनही. नखं काढून दिली त्यानं माझी, दोन्ही पायांची, एकाही बोटाला न दुखवता. इतक्या बारीक कामाची सवय असलेला हात. प्रेमानं केलं असतं तर इतकं नीट केलं नसतं. प्रेमाच्या दिवसांत त्याचा चहा पाणचट असायचा आणि मी तो कौतुकानं प्यायचे. आता एकेक गोष्ट तंतोतंत. कधीकधी मी उगीचच जास्त खोकायचे. मग दारापलीकडे त्याची पावलं थांबायची, आणि मला न बघताही दिसायचं की तो मान किंचित कलती करून ऐकतोय, धंद्यातलं ऐकणं, केवढा आहे, कुठून येतोय, काल होता त्याच्यापेक्षा कसा आहे. बराच वेळ तो उभा राहायचा. मी श्वास धरून गप्प पडून राहायचे, आणि त्या शांततेत काय होत असेल त्याच्या मनात, या विचारानं मला हसू यायचं. मग परत खोकला. मग त्याची पावलं स्वयंपाकघराकडे. राबव त्याला, मी मनात म्हणायचे, जितकं जगशील तितकं राबव. डॉक्टरीणबाईंनी मला जगायचं काहीही कारण दिलं नव्हतं, ते हे एक मिळालं.

राहिली बारकी. फोटो काढले त्या दिवशी माझ्याबरोबर तीच होती. डॉक्टरीणबाई बोलत असताना ती माझ्या पदराचं सुटलेलं टोक दोन बोटांनी सारखं करत होती, दोरा कुठून निघालाय ते बघत होती. बाहेर बाकावर बसल्यावर मला एकदम फार मोठं मन झालं. ‘अर्धं घर तुझं,’ मी म्हणाले. ‘निकाल लागला की विकू. तुझी कायमची सोय होईल.’ तिनं मागितलं नव्हतं. ती म्हणाली, ‘बघू गं ताई, आधी तू पाणी पी.’ पण ऐकलं होतं तिनं, आणि माणसानं ऐकलं की ते त्याच्यात घर करतं. तेव्हापासून ती दर रविवारी यायला लागली. माझे हात वर जात नाहीत, धाप लागते, म्हणून ती माझं डोकं धुऊन द्यायची. खुर्ची मोरीच्या दाराशी उलटी लावायची, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि मागून तांब्यातांब्यानं पाणी. तिच्या बोटांना वाफेचा आणि इस्त्रीचा वास असतो आणि ती बोटं खरखरीत आहेत. केसांतून फिरली की बारीक ओरखडे उठतात. नवरा त्या वेळी खोलीत बसायचा. गुणगुणणं सुरू झालं तरी बाहेर यायचा नाही, बोळे घालतही नसेल. आता त्याला तिचीही मर्जी राखायला हवी होती.

एका रविवारी ती म्हणाली, तिच्या खोलीच्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, खोली सोडायला सांगितलंय. बायकांचं एक वसतिगृह बघून आलेय. एका खोलीत चौघी. खाट मिळते, कपाट मिळतं. ‘यंत्र ठेवू देत नाहीत,’ ती म्हणाली. ‘आवाज होतो म्हणतात.’ यंत्र गेलं म्हणजे संध्याकाळचं शिवण गेलं, आणि दुकानातल्या पगारावर तिचं भागत नाही, हे मला माहीत होतं. थोड्या वेळानं, केसांवरून पाणी ओतता ओतता, ती म्हणाली, ‘ताई, ते तू म्हणाली होतीस अर्ध्या घराचं, त्याचं काही झालं का?’ एकदाच विचारलं. परत कधी विचारलं नाही. पण मला ते काट्यासारखं बोचलं. ती गेल्यावर मी तिचे रविवार आठवत बसले. दुखणं नव्हतं तेव्हा किती रविवार आली होती ही? क्वचित. नवरा होता ना घरात, बोळे होते. आणि अर्धं घर म्हटल्याबरोबर एकही रविवार चुकला नाही. म्हणजे हासुद्धा चहाच. मागून ओतलेला. हा विचार मला इतका आवडला की मी तो आठवडाभर जपला. कामावर कोणी भाऊ-बहिणींचं गाऱ्हाणं सांगायला लागलं की मी मनात म्हणायचे, सगळे सारखेच. सगळे निम्म्यासाठी धुतात. बारकीही तशीच असेल तर मग कोणाला काय द्यायचं हा नुसता हिशोबाचा प्रश्न उरत होता, आणि त्यात माझ्यावर कोणाचं ऋण चढत नव्हतं. जिन्याखालच्या पायरीवर पिशव्या धरून उभी असलेली ती मुलगीसुद्धा मग तेवढी साधी राहत नव्हती.

म्हणून पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं. साबण लावून झाला होता, तिची बोटं कानामागे होती. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि नवरा काहीतरी आणायला बाहेर गेला होता. मी वर छताकडे बघत होते. तिचा चेहरा मला उलटा दिसत होता, हनुवटी वर आणि डोळे खाली.

‘बारके, घराचे हिस्से वेगळे करायची नोटीस मी छापून ठेवलीय, पण ती त्याला देणार नाहीये.’

बोटं थांबली. ‘म्हणजे?’

‘म्हणजे घर त्याला जाईल. सगळं.’

‘का गं?’

‘नाही द्यायची. ठरवलंय मी.’

 फेस माझ्या कपाळावरून खाली यायला लागला. मी वाट बघत होते. टॉवेल टाकून ती उठेल, चप्पल घालेल, जाताना दार आपटेल. तिला आपटता येत नाही, पण आज आपटेल. निदान म्हणेल की माझा हिस्सा आहे त्या घरात. मी उत्तर तयार ठेवलं होतं: हक्क सोडल्यावर परत मागता येत नाही.

‘डोळे मीट,’ ती म्हणाली. ‘साबण जाईल.’

मी मिटले. तांब्याचं पाणी आलं, आधी मनगटावर घेऊन कोमट आहे का ते बघितलेलं. एकदा धुतलं, परत साबण लावला, परत धुतलं. कानात पाणी जाऊ नये म्हणून दर वेळी कानावर हाताची वाटी. मग मान उचलून टॉवेल गुंडाळला. मला ते सहन होईना.

‘राग नाही आला तुला?’ मी म्हणाले.

‘आला ना.’

‘मग?’

‘मग काय? अर्धवट धुतलेलं डोकं टाकून जाऊ?’ ती माझे केस टिपत होती. विरळ झालेत, टॉवेलवर बरेच येतात. ती ते मला दिसायच्या आत गोळा करून मुठीत घ्यायची. ‘यंत्राला गिऱ्हाईक बघितलंय मी एक. दुकानातलीच आहे, जपून वापरेल. तुझ्या दुखण्यात मी काय भांडत बसू?’ मग म्हणाली, ‘भाऊजी नीट बघतात ना तुझं?’

‘बघतो.’

‘मग झालं.’

फणी घेऊन तिनं माझ्या केसांचा गुंता टोकाकडून सोडवायला सुरुवात केली, जशी आई सोडवायची, आणि गुणगुणायला लागली. आवाज जरासा फाटलेला होता, पण गुणगुणत होती. तिच्यावर मला त्या क्षणी आला तेवढा राग मला नवऱ्याचा कधी आला नव्हता. तिनं ओरडायला हवं होतं. तिनं मला लबाड म्हणायला हवं होतं, मग मी लबाड झाले असते आणि तीही झाली असती आणि आम्ही दोघी बहिणी म्हणून एका पातळीवर आलो असतो. दार आपटून गेली असती तर मी धावत जाऊन सही केली असती. रविवार जातोय म्हटल्यावर त्याची किंमत देणं भाग पडलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. फणीतले केस काढले, मोरी पुसली, खुर्ची जागेवर ठेवली. चप्पल घालताना म्हणाली, ‘पुढच्या रविवारी जरा लवकर येईन. तिथून बस लवकरची आहे.’

ती गेल्यावर ओल्या केसांनी मी पलंगावर पडून राहिले आणि डोकं फार स्वच्छ चाललं माझं. इतकं स्वच्छ की भीती वाटावी. बारकी येणार. नोटीस दिली तरी येणार, नाही दिली तरी येणार, वसतिगृहातून येणार, यंत्र विकून येणार, मी शिव्या दिल्या तरी येणार. तिच्या येण्याला काही लागत नाही. तो मात्र नोटिशीच्या दुसऱ्या दिवशी पाठ फिरवील. मग जी येणारच आहे तिला कशाला द्यायचं? जे फुकट मिळतं त्याला कोणी मोल देत नाही, आणि माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट होती. असं मी सरळ, एकेका शब्दात, विचार केला. कोणी फोनवर विचारलं असतं की सख्ख्या बहिणीला असं करता येतं का, तर मी एका क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं असतं.

संध्याकाळी तो एक कागद घेऊन दारात उभा राहिला. ‘तारीख पुढे ढकलायचा अर्ज आहे,’ तो म्हणाला. ‘या वेळी दोघांच्या सह्या मागतायत.’ तो माझ्याकडे तोंड करून, स्पष्ट, सावकाश बोलत होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. मला कळलंय हे त्याला कळलंय, असं मला वाटलं, आणि त्यानंही ते लपवलं नाही. पुष्कळ वर्षांनी आम्हाला एकमेकांचं इतकं नीट समजत होतं. ‘टेकायला काहीतरी दे खाली,’ मी म्हणाले. त्यानं पाठीमागे धरलेला पुठ्ठा पुढे केला, आणूनच ठेवला होता. मी सही केली. केस अजून ओले होते, कागदावर एक थेंब पडला. त्यानं तो बाहीनं अलगद टिपला. जाताना म्हणाला, ‘केस बांधून झोपू नको, सर्दी होईल.’

रविवारी बारकी खरंच लवकर आली. मी खुर्चीत बसले होते, खुर्ची त्यानंच मोरीच्या दाराशी उलटी लावून ठेवली होती, टॉवेलची गुंडाळीसुद्धा करून. बाहेर त्यानं दार उघडल्याचा आवाज आला. ‘ये बारके, ये,’ तो म्हणाला, ‘ती तुझीच वाट बघतेय.’ तिच्या पिशवीचा आवाज, चपलांचा. मग ती थांबली असावी, कारण पावलं थांबली. आणि मग तिचा आवाज, अगदी खालच्या पट्टीतला, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

‘भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू मी? तुम्ही होतात म्हणून. मी काय, हातात काही नसलेली. मला वाटलं होतं, हिला कोणीच राहिलं नाही.’

‘असं काय बोलतेस,’ तो म्हणाला. ‘माझीच आहे ना ती.’

मी डोळे मिटले आणि डोकं मागे टाकलं.